आडोसा

बॅरोच्या गोदीमागच्या त्या पबमधलं टेबल
जरासं खिडकीकडे कललेलं आहे.
सगळ्यांना माहीत आहे. पाचर कोणी लावत नाही.
हळू मारलेला चेंडू शेवटच्या वितीत
मन बदलल्यासारखा वळतो,
आणि नवख्याला वाटतं, आपला हात चुकला.

मी नवखा होतो. इचलकरंजीच्या मंडळात
पोरं माझ्या कटला टरकून असायची,
त्या गुर्मीत दिसेल ते मारत सुटलो.
सहा पिवळे एका दमात.
टेबलाच्या पोटातून घरंगळत जाणारा
त्यांचा गडगडाट ऐकत उभा राहिलो.
सातवा लालांच्या गर्दीमागे.
हेस्केथने ग्लास खाली ठेवला.
त्याचे सातही लाल अजून टेबलावर.
"सात पहारेकरी," तो म्हणाला,
"तुझे तू स्वतःच घरी पाठवलेस."

त्यानंतरचे गुरुवार, दुपारपाळी संपल्यावर.
तो शिकवायचा नाही, नुसता खेळायचा.
मी बघून बघून जमवलं:
आपला चेंडू पॉकेटच्या तोंडाशी नेऊन
झाकणासारखा तिथेच सोडायचा.
पांढरा कुशनला असा चिकटवायचा
की समोरच्याच्या काठीला
नखाएवढं टोक उरावं.
घालता येत असलं तरी विचारायचं, मग पुढे?
पुढे काही नसेल तर घालायचं नाही.
(हे मी घरमालकावर वापरून पाहिलं.
भाडं वाढलंच.)

डॅरेलला हे सोसायचं नाही. नाणं लावून
नंबराची वाट बघत तो ओरडायचा,
"पबमध्ये कोणी असं खेळतं का? मार ना सरळ!"
आमच्याकडेही कोणी म्हणालं असतं, रडीचा डाव.
पण रडीत नियम मोडतात.
हा तर नियमाच्या मांडीवर बसून
काढलेला चिमटा.

एक्स-रेच्या खोलीत मी दिवसभर
लोकांच्या हातांची हाडं बघतो,
आणि हेस्केथचा हात दिसायला मला हिवाळा लागला.
जहाजांचे सांधे जोडत झिजलेला तो उजवा हात
मोठ्या फटक्याआधी थरथरतो.
लांबचा चेंडू आता जात नाही.
जवळचा, हळूचा, तेवढा जमतो.
कान तुटलेल्या कपातून चहा प्यायला
माणूस शिकतो ना, कुठे धरायचं, कुठे नाही,
तसा त्याने अख्खा खेळ
नव्याने धरायला घेतला होता.

मग फेब्रुवारीतला एक गुरुवार.
त्याचा एक लाल, माझे दोन पिवळे, आणि काळा.
पाळी माझी.
लाल अगदी पॉकेटपाशी, सात वर्षांचं पोरही घालेल असा.
पांढरा मधोमध सोडून दिला असता
तर तो जिंकला असता,
दोष टेबलाच्या कलावर गेला असता,
कोणाला कळलंही नसतं.
त्याला सोडून.

मी हलकेच टेकवला.
पिवळ्याला शिवून, कुशनला लागून
शेवटच्या वितीत पांढरा वळला
आणि काळ्याच्या पाठीशी जाऊन थांबला.
मधे बसचं तिकीट सरकेल एवढी फट.

"म्हाताऱ्यालाही सोडत नाहीस?" डॅरेल.

हेस्केथ वाकला. टेबलाभोवती एक फेरी मारली.
खडू लावला. पुन्हा लावला.
काठीने हवेत रेघा काढल्या,
या कुशनवरून, त्या कुशनवरून, दोन्हींवरून.
मग दात नसलेल्या बाजूने हसला
आणि मला एक शिवी दिली,
छोटी, जुनी, गोदीतली.
चार वर्षांत या गावात
इतक्या मायेनं मला कोणी हाक मारली नव्हती.

शेवटची घंटा झाली. नोरीन ग्लास गोळा करू लागली.
खिडकीबाहेरून माझी बस गेली, रिकामी, उजळलेली.
तो अजून कोन मोजत होता.
मी काठीवर हनुवटी टेकून उभा,
आणि त्याला अजिबात घाई नव्हती.