गुरुवार, दुपारी तीन

ओउलूत, माणसं झोपलेली असताना
दोन एजंट घासाघीस करत बसतात.
मंगळवार? नाही. बुधवार, साडेनऊ?
आमच्या बाई तेव्हा लॅबमध्ये.
ना चहा, ना घसा खाकरणं;
अकराव्या फेरीत सौदा पटतो:
गुरुवार, दुपारी तीन.

त्या चौकोनात कैसूनं काही लिहिलंच नव्हतं,
म्हणून तो सगळ्यांत स्वस्त ठरला.

गुरुवारी तीनला ती
नदीकाठच्या बाकावरचा बर्फ हातमोज्यानं झाडते
आणि नुसती बसते,
वेइक्कोपुरती जागा सोडून.

आता हरकत घ्यायची तर कारण हवं.
ती लिहिते. खोडते. पुन्हा लिहिते.
शेवटी टाकते: दाताचा डॉक्टर.

दातदुखीला भाव बरा आहे.
एजंट लगेच मानतो,
समोरचाही फार ताणत नाही.
शुक्रवार, सकाळी दहा.