दहा गोळ्या

सकाळच्या पाळीला मी पाणी पीत नाही.
बाटली असते, भरलेली,
प्रतीक्षानगर ते बॅकबे माझ्यासोबत फिरते
आणि घरी आल्यावर मी ती
खिडकीतल्या कढीपत्त्याला ओतते.

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला भिंत आहे.
मला एक कुलूप आहे,
ज्याची किल्ली कोणाकडे असते
ते चौकीतल्या बाबूलाही ठाऊक नाही.

मार्चमध्ये पुन्हा सुरू झालं.
जळजळ म्हणतात तिला. फार सभ्य शब्द आहे.
सुटे मोजताना मांड्या आवळून धरायच्या,
"पुढे सरका, पुढे सरका" ओरडायचं
आणि मनात एकच, सिग्नल मिळू दे.

कुकरच्या जुन्या शिट्ट्यांच्या डब्यात
मागच्या खेपेच्या चार गोळ्या होत्या.
बरं वाटलं म्हणून उरवलेल्या.
अन्न टाकू नये, आई म्हणायची; मी औषधही टाकत नाही.
त्याच्या आधीच्या खेपेला तारामतीने तीन दिल्या,
तिच्या नवऱ्याच्या दाढेच्या.
त्यांनीही बरं वाटलं होतं. दोन दिवस.

ह्या वेळी चारही घेतल्या. काही झालं नाही.
छेडा केमिस्टने पाकीट काउंटरवर ठेवलं
आणि परत आत घेतलं.
"ताई, तीनदा अशीच दिली. आता चिठ्ठी आणा."
भांडले मी, रांगेतल्या पाच जणांसमोर,
दुखण्याचं नाव न घेता.

दवाखान्यात डॉक्टर मुल्ला.
पाळी चुकली आहे का, विचारलं.
बरगडीखाली, पाठीवर हलकेच मूठ मारली.
"इथे दुखतं? ताप? थंडी?"
नाही म्हटल्यावर पेन उचललं.
रक्त किडनीसाठी, आणि एक डबी. "मधली धार हवी."
चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
की त्यातही नेमकं काही असतं.

रिपोर्टवर औषधांची लांबलचक रांग,
प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर.
आर. आर. आर. एस. आर.
आर म्हणजे जंतू ऐकत नाही.
मला लगेच समजलं.
विनातिकीट पोरांना दोनदा नुसतं दटावून सोडलं
की तिसऱ्यांदा ती आपल्याकडे बघून हसतात.

नायट्रोफ्युरँटोइन.
नाव वाचायला मला तीन थांबे लागले.
दिवसाला दोन, जेवणावर, पाच दिवस.
"लघवी गडद होईल, घाबरू नका.
पुरळ आलं, धाप लागली, तर बंद करा आणि लगेच या.
ताप आला तर गोळ्या संपायची वाट बघू नका.
आणि पाणी प्या."

मी हसले. कुलपाची गोष्ट सांगितली.
ती हसली नाही.
दुसऱ्या कागदावर लिहिलं, दर तीन तासांनी स्वच्छतागृह आवश्यक,
आणि शिक्का इतक्या जोरात मारला
की टेबलावरचा चहा हिंदकळला.

दुसऱ्या रात्री जळजळ गेली.
सहा गोळ्या उरलेल्या.
हात आपोआप डब्याकडे.
सहा म्हणजे पुढचा मार्च, म्हणजे एक रजा वाचली,
म्हणजे लेकीला कधी लागल्या तर.
शिट्ट्या खुळखुळल्या. झाकण लावलं.
तिसऱ्या दिवशी भात, आमटी, मग गोळी.
काही दुखत नसताना औषध घेणं
फार विचित्र असतं,
उतरायचा थांबा गेल्यावरही बसून राहावं तसं.
पण तो माझा थांबा नव्हताच.

पाचव्या रात्री पन्नी रिकामी.

तारामतीने आगारात हळूच विचारलं, "उरल्यात का गं दोन?"
नाही म्हटलं. तिला राग आला.
शुक्रवारी येते म्हणाली दवाखान्यात, बघू.

शिक्क्याचा कागद साहेबांच्या पेपरवेटखाली आहे.
कुलूप आहे तिथेच.
म्युझियमजवळ आता बस चार मिनिटं जास्त थांबते,
मी पलीकडच्या सुलभमध्ये जाऊन येते,
प्रवासी कुरकुरतात.
कुरकुरू देत.

कढीपत्त्याला हल्ली कमी मिळतं.