कौल

मार्च संपायला अकरा दिवस, आणि स्क्रीनच्या माथ्यावर
लाल पट्टी: मुदत संपली, पैसे भरा.
मष्णूमामा चष्मा वर सरकवत म्हणाले,
"कुणाची मुदत, बाई? आमची का त्याची?"

खानापूर. कौल-विटा उत्पादक सोसायटी.
एकच कॉम्प्युटर, भट्टीची धूळ त्याच्यावर रोज बसते,
रोज मी पदरानं पुसते.
वर्षाला सहा हजार मागतो तो
नुसतं लिहायचे आणि बेरीज करायचे.
भरमानं बोटांवर धरलं: तीनशे कौलं.
एवढ्यात एक खोली झाकते.

रात्री मोबाईलच्या नेटवर मी दुसरं उतरवून घेतलं,
लिब्रेऑफिस, पैसे न मागणारं.
मामांना पटेना. "फुकट जेवू घालतो त्याच्या अंगणात
कधीतरी राबावं लागतंय. बघ हं."

म्हणून गेल्या सालची रोजकीर्द त्यात उघडली.
बेरीज जुळली, पैशांसकट.
ठराव मात्र फुटले.
'सर्वानुमते'च्या जागी कावळ्याचे पाय,
अध्यक्षांच्या नावात एक डॉलर.
चूक त्याची नव्हती. बारा वर्षं आम्हीच
मराठी एका फाँटच्या कुलपात ठेवली
आणि किल्लीवाला दुकान मोडून गेला.
एकोणीस ठराव परत टाइप केले.

तालुक्याला जायचा अर्ज शंक्रव्वानं कानडीत लिहिला,
त्याच फायलीत, माझ्या ओळींखाली.
तळाच्या पट्टीत भाषेचं नाव येतं:
कर्सर तिच्या ओळीत गेला की कन्नड,
माझ्या ओळीत आला की मराठी.
"ह्याला कुणी शिकवलं गं?" ती म्हणाली.

तक्त्याला रेघा मारताना मामांनी विचारलं, हे काय?
बॉर्डर, मी म्हटलं.
"ती बटणात असते होय!"
आणि बराच वेळ चहा फुंकत राहिले.
पहिलाच पर्याय होता, बॉर्डर नाही.
आम्ही रेघा ठेवल्या.
नाहीतर उधारीची रक्कम जमेत शिरते.

सभेत कुणी हात वर करेना.
मामा म्हणाले, रवळनाथाला फूल लावतात
तसा प्रिंटरला कागद लावा.
कागद खडखडला, अर्ध्यात अडकला,
भरमानं एक चापट दिली,
मग आला. थोडा तिरका, पण उजवीकडं.

दुसऱ्या दिवशी बेळगावहून बँकेचा फोन:
"ताळेबंद मिळाला. शेवटचा रकाना
जरा आत सरकलाय का?"
हो, म्हटलं.
एप्रिलात सरळ करते.