चौकोन

शुक्रवारच्या वादळात
सागाचं झाड तारेवर पडलं, आणि सडकेवरही.
आरोग्य केंद्रातला पंखा दोन फेऱ्या रेंगाळून थांबला.
मी पहिलं काम केलं ते हे की
लसीच्या पेटीचं झाकण उघडलं नाही.

हेच तर शिकवलं होतं प्रशिक्षणात.
आत साठलेला गारवा म्हणजे पाहुणा,
दार उघडं दिसलं की निघतो.

तापमानाची वही खिळ्याला टांगलेली.
सकाळी एक आकडा, सांजेला एक,
दोन ते आठ अंशांत सारं बसायला हवं.
शनिवारी पाच.
रविवारी सात, आणि रात्री मेणबत्ती धरून पाहिलं तर नऊ.
मग बर्फाच्या विटा रचल्या, वरून ओलं पोतं.
जनरेटरचं डिझेल कागदावर होतं, टाकीत नव्हतं.
मे महिना. भिंतीला हात लावला तर
तव्याची आठवण व्हावी.
सोमवारी चौदा.
मंगळवारी एकोणीस लिहिताना
पेन जरा अडलं.

मंगळवारी रात्री लाइट आली
आणि मागोमाग गुरनुले बाबू आले.
"पाचच लिहा ना म्याडम, पाचही दिवस.
जिल्ह्यावरून कोण येते थर्मामीटर पाहाले?
उद्या बावीस बाया येतीन लेकरं घेऊन,
त्याइले काय सांगसान?"
बाबू वाईट नाहीत.
माझ्या बाळंतपणाच्या रजेसाठी
चार वेळा तालुक्याला खेपा घातल्या त्यांनीच.
म्हणून तर
"नाही" म्हणताना आवाज चढवता आला नाही.

कुपीवर नखाएवढं जांभळं वर्तुळ असतं,
त्यात पांढरा चौकोन.
ऊन लागत गेलं की चौकोन काळवंडतो.
वर्तुळाच्या रंगाला पोचला
की ती कुपी टाकायची.
टॉर्चखाली एकेक फिरवून पाहिली.
चौकोन शोधावा लागत होता.

बुधवारी आल्या त्या.
सर्वांत लांबून बिसनी उसेंडी, टोल्यावरून,
दोन नाले, एक टेकडी,
पाठीला बांधलेलं पोर, हिरवी पडलेली बोटं.
तेंदूपत्त्याचा हंगाम,
एक दिवस बुडला म्हणजे किती पुडके बुडले
हे तिला तोंडपाठ.
मी सांगितलं, आज लस नाही.
"फ्रीजात तं हाये. दिसते ना मले."
हाये बाई, पण खराब झाली.
"दिसाले तं पानीच हाये.
पानी कसं खराब होते?"

मी कुपी तिच्या तळहातावर ठेवली.
चौकोन दाखवला. तिनं पाहिला
आणि काहीच न बोलता परत दिली.
जाताना दारातल्या आशाताईला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली,
"आमचा रोजा हिच्या बापानं भरून द्यावा."

त्या रात्री डबा तसाच राहिला.
कबूल करते, वाटलं,
पाच लिहिलं असतं तर
बावीस पोरं थोडी रडली असती,
बावीस बाया हसत गेल्या असत्या,
आणि कुणाला कधीच कळलं नसतं.
कळलं नसतं.
तिथंच तर सारी नोकरी आहे माझी,
पांढऱ्या कोटात नाही, हजेरीपटात नाही,
कळणार नसतं त्या जागी.

नवा साठा पुढच्या गुरुवारी आला.
पेटी खांद्याला लावून मीच टोल्यावर गेले,
पहाटे, त्या पत्ता तोडायला निघायच्या आधी.
एका नाल्यात चप्पल गेली.
मोहाखाली सतरंजी टाकली, वही उघडली.

बिसनी आली. पोर दिलं नाही आधी.
हात पुढे केला.
मी कुपी दिली.
तिनं ती उजेडाकडे धरली,
सोनार नथ पारखतो तशी,
बराच वेळ.
"पांढरा हाये," म्हणाली,
आणि मग पोराची मांडी उघडी केली.

एकवीस झाली.
बाविसावं नाव मैनी पोटावीच्या लेकीचं.
मैनी बुधवारी आली होती,
गुरुवारी नवऱ्यासोबत तेलंगणात गेली, कामाला.
फोन लागत नाही.
तिच्या रकान्यात मी तारीख टाकलेली नाही.
वही खिळ्याला आहे, रोज दोनदा उघडते.
आज सकाळी: चार.