दहा रुपयांची प्रिंट

खानापूर स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी त्याखाली बारीक.
आज तिच्याकडं कोण बघत नाही.
दहावीचा निकाल लागलाय आणि सर्व्हर झोपलाय.

नंबर मी टाकतो,
म्हणून आकडे त्यांच्याआधी मला दिसतात.
पंधरा वर्षं झाली,
अजून त्या एका सेकंदाला बोट जड होतं.

निकिता हलगेकर. सहाशे पंचवीसपैकी सहाशे अठरा.
"सात कुठं गेले?" म्हणाली.
"काका, परत एकदा टाका की."
परत टाकला. सात परत गेले.
ती पायरीवर बसून राहिली,
तिची आई पेढ्याचा पुडा तसाच बांधलेला धरून.

ओंकार घाडी दोन विषयांत गेला.
"गणिताची नि माझी ओळखच नव्हती हो," म्हणून हसला,
सगळ्यांना हसवलं,
समोरच्या गाड्यावरनं मिरची भजी मागवली,
प्रिंट रंगीत मागितली.
जाता जाता मात्र काउंटरवर वाकून, हळू:
"बाबांचा फोन आला तर सर्व्हर डाऊन म्हणून सांगा."

मग यल्लेश आणि रेशमा मकानदार, एका बाकावरचे.
दोघांनाही चारशे बारा.
तो असा ओरडला की
गोव्याच्या बसचा कंडक्टर खाली उतरून बघून गेला.
तिनं कागदाची आठ वेळा घडी केली
आणि सुट्टे मोजून दिले.
शाई तीच, यंत्र तेच.

मी कन्नडमध्ये चार मार्कांनी गेलो होतो.
मास्तर म्हणाले, आळस. आई म्हणाली, नशीब.
मी नशीब घेतलं,
उचलायला हलकं होतं.
आता गिऱ्हाईक मला कन्नडच समजतं, इतकं येतं,
खरं ते चार अजून कुठंतरी आत खुळखुळतात.
दुकान झाडताना रोज सापडणाऱ्या
कुणाच्या तरी पिनेसारखे.

सहा वाजता फोन वाजला. जांबोटीहून घाडी.
सर्व्हर डाऊन आहे, म्हणालो.
तिकडं थोडा वेळ नुसती म्हशीची घंटा.
"किती विषयांत?"
"दोन."
परत घंटा.
"काय खाल्लंय काय त्यानं?"

काउंटरवर त्याची बशी होती,
भजी मोजून पाच, तेलात थिजलेली.
"खाल्लंय की," म्हणालो.