पेये समाविष्ट

जावयानं नागपूरहून तिकिटं धाडली, मोबाइलवर.
महीवरची संध्याकाळ, दीड तास, वरचा मजला,
आणि खाली बारीक अक्षरांत : पेये समाविष्ट.
ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचलं.
'गुजरातेत?' एवढंच म्हणाले,
आणि कपाटातून शर्ट काढला,
निरोपसमारंभाचा.

फाजलपूरकडचा धक्का. थर्माकोलचा नांगर,
प्लास्टिकचा झेंडू,
बोटीचं नाव नुकतंच रंगवलेलं, इतकं नुकतं
की एका बाईच्या पदराला त्यातला 'ज' लागला.
माणशी दोन कूपनं.
लाल म्हणजे जिरा सोडा.
हिरवं म्हणजेही जिरा सोडा, पण पुदिना घालून
आणि नाव इंग्रजी.
गळ्याला बो, मिसरूड कोवळं, असा एक पोरगा
'चिअर्स, काकी' म्हणाला.
मी म्हटलं, तुलाही बाबा.

पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ स्टीलच्या बाटलीतून
फार गंभीरपणे ताक पीत होते.
ताकानं माणूस एवढा हळवा होत नाही
की अनोळखी बाईला धरून
मुलाच्या लग्नाचे फोटो दाखवत बसेल.
आम्ही सगळे पुलाकडे बघत राहिलो.
बडोद्यात एवढी रीत सगळ्यांना येते.

ऊन उतरलं. पुलावरून मालगाडी गेली.
ती संपेपर्यंत कोणी बोललं नाही.
एकोणसाठ डबे. मी मोजले.

मग माइकवाला :
'डाबी बाजू जुओ, राजाशाहीना जूना बुरुज!'
नदीत उभे सिमेंटचे गोल खांब, डोक्यावर एकेक खोली.
सगळे फोन एकदम वर.

ह्यांनी ग्लास खाली ठेवला.
'बुरूज?'
एकतीस वर्षं. पहिली पाळी, दुसरी पाळी,
लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी.
'विहीर आहे ती. फ्रेंच वेल.
खाली वाळूत आडव्या नळ्या, बोटांसारख्या पसरलेल्या.
नदी वरून उपसायची नाही, खालून मागून घ्यायची.'

मला सांगत होते. मला हे चाळीसदा सांगून झालंय,
पण तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात असायचो
आणि ते ओट्यावर सांडलेल्या पिठात
बोटानं आकृती काढायचे, पोळपाटाएवढी.
ती एवढी उंच असेल असं मला वाटलं नव्हतं.
तिला खिडकी आहे, हेही ठाऊक नव्हतं.
'तिथं बसून डबा खायचो,' म्हणाले,
'मी नि रमणभाई फिटर.'
माझाच डबा.
इतकी वर्षं पाण्यावरून जात होता.

बोलून घसा सुकला. पोराला म्हणाले,
साधं पाणी दे रे.
पोरगा घुटमळला, कूपनांकडे बघितलं.
'पाणी एमां नथी आवतुं, काका. बॉटलना वीस.'

मला वाटलं, आता चढतोय आवाज,
पंपांवरून ओरडत जन्म गेलेला.
तर हसायलाच लागले,
खांदे हलेपर्यंत, डोळे पुसेपर्यंत,
असे की ताकवाल्यांनी घाबरून
बाटली पिशवीत घातली.
मग वीस रुपये दिले. सुटे.
बाटली उजेडापुढे धरली, हलवली,
नमुना तपासावा तशी,
एक घोट तोंडात घोळवला
आणि म्हणाले, 'हे आपलं नाही.'

परत येताना काठ काळा झाला होता.
खांबांवरच्या खोल्यांत दिवे लागले,
चौथ्या नंबरच्या नाही.
'बल्ब गेला असेल,' म्हणाले.
घर येईपर्यंत तेच.

पहाटे पावणेसहाला आमचा नळ आधी खाकरतो.
हे अंथरुणात उठून बसलेले, अंधारात,
कान देऊन.
हवा गेली, थोडं थुंकला, थांबला.
'आलं,' म्हणाले, आणि परत आडवे झाले.

मी पातेलं लावलं.
ओट्यावर फोन उजळला, जावई :
कसं झालं? ड्रिंक्स कशी होती?
पर्समध्ये एक हिरवं कूपन तसंच राहिलंय.
हात ओले आहेत.
सावकाश लिहीन.