बटाट्याचं पीठ

कायानीत डिसेंबरातला दिवस
उपकार केल्यासारखा उगवतो
आणि जेवणाची ताटं विसळेपर्यंत मावळतोही.
मी आणि इल्पो,
सायकलींच्या बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर
एक खेळ बनवतोय. तिसरं वर्ष.

खेळात एक टपालवाली आहे.
गोठलेलं तळं ओलांडून तिनं पत्रं पोचवायची.
एवढंच.
एवढंच, असं आम्ही बँकेतल्या बाईंनाही सांगितलं होतं.

काल सतराव्या पावलाला
ती बर्फातून आरपार गेली.
बुडाली नाही, बुडणं आम्ही लिहिलेलंच नाही.
नुसती पडत राहिली
तळ्याखाली, गावाखाली, नकाशाच्याही खाली,
जिथे रंग संपतात आणि नुसतं करडं उरतं तिथे,
पिशवी सावरत,
हवेत पाय टाकत.
इल्पो म्हणाला, बघ, तिला कळलेलंही नाही.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं
तर मी आधी किटलीला सगळं सांगते.
मोठ्यानं, ओळीमागून ओळ.
किटली मध्ये बोलत नाही,
आणि उकळी फुटायच्या आत बहुधा
मीच जीभ चावते.
काल तीनदा उकळली, काही नाही.
चौथ्यांदा सापडलं:
इल्पोनं गुपचूप एक पत्र जास्त टाकलं होतं,
पत्ता नसलेलं.
पत्ता नाही म्हणून अंतर नाही,
अंतर नाही म्हणून पावलाला आकडा नाही,
आणि आकडा नसलेलं पाऊल
कुठलाच बर्फ झेलत नाही.

काढून टाक, म्हटलं.
राहू दे ना, म्हणाला, असतं एखादं तसं.
त्या एका पत्रासाठी मग नवीन सहा ओळी.
रात्रीचा दीड.

आवाजाची गोष्ट वेगळीच.
खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ,
उणे एकवीस,
माइक घेऊन त्यात तासभर चालून आले,
ऐकलं तर कुणी भजी तळतंय.
शेवटी लोकरी मोज्यात बटाट्याचं पीठ भरलं,
मुठीत दाबलं,
करकच्च.
हा बर्फ.

तेवढ्यापुरता फ्रिज बंद करावा लागतो, घुमतो मेला.
परत चालू करायचं विसरू नये
म्हणून माळ्याची किल्ली त्यातच ठेवते.
ही अक्कल एक किलो मासे नासल्यावर आली.

आज खालच्या मजल्यावरची सायमी खेळून बघायला आली.
वय नऊ, पुढचे दोन दात नाहीत.
तिनं टपालवालीला तळ्याच्या मध्यावर नेलं
आणि तिथेच थांबवलं.
एक पाऊल पुढे. एक मागे.
पुढे. मागे.
अगं, पत्रं द्यायचीत, मी म्हटलं.
तिनं हात वर करून मलाच गप्प केलं.
चाळीस मिनिटं.
वहीत इल्पोनं लिहिलं:
पोचलेली पत्रं, शून्य.
आणि खाली रेघ मारली, दोनदा,
चूक म्हणून की काय म्हणून,
विचारलं नाही.

उठताना शेवटची ओळ मी अर्धीच सोडते,
विरजणासारखी.
पूर्ण करून गेलं की सकाळी
कोऱ्या पडद्यापुढे नुसतं बसायला होतं.
अर्धी असली की रात्रभर आपली आपण जरा घट्ट होते.
कधी आंबतेही, खोटं कशाला बोलू.

दिवे मालवले. दारात खिसे चाचपले.
मग फ्रिज उघडला.
गार किल्ली तळहातात घेऊन जिना उतरले.
अंगणात पायाखाली खरा बर्फ वाजला
आणि मनात आलं,
हा नाही जमला,
पुन्हा घ्यावा लागेल.